समुद्र कुणी पळवला?

"समुद्र गेला!"

भोंगा एवढ्या जोरात ओरडला, की समोरच्या दुकानात दाढी करून घेणारं गिऱ्हाईक खुर्चीतच दचकलं आणि न्हावीकाकांनी वस्तरा चटकन वर उचलला.

"गेला म्हणजे? समुद्राला काय पाय फुटले?" कप्तान धावत आत येत म्हणाली.

"पाय फुटले की पंख फुटले, मला काय ठाऊक! तूच ये आणि बघ!"

कप्तानच्या मागोमाग पल्लेदार आणि सगळ्यात शेवटी मुंगी, अशी वरात रंगमंचामागच्या खोलीत घुसली. काल संध्याकाळी सगळ्यांनी मिळून समुद्र बांबूवर गुंडाळला होता आणि भिंतीशी नीट आडवा ठेवला होता. आता तिथे नुसता बांबू होता. उघडाबोडका बांबू!

हा समुद्र म्हणजे अर्थातच पाण्याचा नव्हे, कापडाचा. पण बर्फखान्यातल्या पोरांना तो खऱ्या समुद्राहून कमी नव्हता.

बर्फखाना हे त्यांच्या नाट्यघराचं नाव. या इमारतीत एके काळी बर्फाचा कारखाना होता. कारखाना कधीच बंद पडला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. सुट्टीत तिथे असं उकडायचं, की नाव ठेवणाऱ्याने थट्टा केली असावी असं वाटे! तरी सुट्टी लागली रे लागली, की पोरांचा मुक्काम तिथेच. कुणी नाच शिकायचं, कुणी मुखवटे बनवायचं, कुणी नुसतंच मोठ्यांदा रडायची तालीम करायचं. शिकवायला होती ताई. ताईने तरुणपणी मोठमोठ्या नाटकांतून कामं केली होती. आता ती गावातल्या पोरांना घेऊन नाटकं बसवायची. ज्याला फी परवडत नाही त्याने झाडू मारायचा, असा तिचा नियम होता. आणि गंमत म्हणजे, ज्यांना फी परवडायची त्यांनाही झाडू मारावाच लागायचा!

यंदाचं नाटक होतं हरवलेला वारा शोधायला नावेतून निघालेल्या मुलांचं. त्यासाठी ताईने घरोघरी जाऊन जुन्या चादरी मागून आणल्या. त्या जोडून भलंमोठं कापड तयार झालं आणि सुट्टीभर मुलांनी त्यावर समुद्र रंगवला. प्रत्येकाची एक लाट. लाटांमध्ये फटी ठेवलेल्या. त्या फटींतून हात यायचे, डोकी यायची, वादळं यायची. म्हणजे नाटकातलं सगळ्यात मोठं काम समुद्राचंच होतं.

आणि प्रयोग उद्या संध्याकाळी होता!

"हे रत्नाकरा!" पल्लेदार छातीवर हात ठेवून म्हणाला. "कोणत्या पाप्याने तुझं हरण केलं?" पल्लेदारला साधं 'पाणी दे' म्हणायलासुद्धा आठ-दहा शब्द लागायचे. म्हणून तर त्याचं नाव पल्लेदार!

"खालच्या आळीतल्या क्रिकेटवाल्यांनी नेला," भोंग्याने जाहीर केलं. "त्यांना मंडप हवा होता. चला, जाऊन धरू एकेकाची मानगूट!"

"थांब रे, मानगूटवाल्या!" कप्तान म्हणाली. कप्तान आठवीत होती, सगळ्यांत उंच होती आणि नाटकात नावेची कप्तान होती. नाटकाबाहेरही ती स्वतःला कप्तानच समजायची, आणि बाकीचेही समजायचे. "आधी ताईला फोन लावते."

तिने कोपऱ्यातल्या टेबलावरचा फोन फिरवला. लगेच शेजारच्याच खोलीत, ताईच्या खणात, घंटी वाजायला लागली.

"झालं! फोन घरी आणि ताई दारी!" भोंगा कपाळावर हात मारत म्हणाला. ताई पहाटेच शेजारच्या गावी गेली होती. तिथल्या नाट्यगृहाने प्रयोगासाठी दिवे उसने दिले होते. ते घेऊन ती दुपारी उशिरा परतणार होती.

एवढा वेळ मुंगी काहीच बोलली नव्हती. मुंगी फारशी बोलायचीच नाही. तिचा आवाज इतका बारीक, की वर्गात तिने 'हजर' म्हटलं तरी बाई गैरहजेरी मांडायच्या. यंदा पहिल्यांदा ती बर्फखान्यात आली, तेव्हा ताईने तिला नाव विचारलं. तीनदा सांगूनही कुणाला ऐकू आलं नाही. पोरं फिदीफिदी हसायला लागली. ताई मात्र हसली नाही. तिने मुंगीच्या हातात ब्रश दिला आणि म्हणाली, "मला सगळे निळे सारखेच दिसतात गं. जरा मदत करतेस?"

त्या दिवसापासून मुंगी समुद्राची झाली. प्रत्येकाची लाट शेजारच्या लाटेला जोडून द्यायची, ती मुंगीने. नाटकात तिला बोलायचं काम नव्हतं. ती समुद्राच्या मागे उभी राहून लाटा हलवणार होती.

आत्ता ती जमिनीवर उकिडवी बसली होती. "रंग," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?" तिघांनी एकदम विचारलं.

मुंगीने बोट दाखवलं. फरशीवर मसुराच्या डाळीएवढा एक थेंब होता. फिकट हिरवा, पिस्त्यासारखा.

"मग त्यात काय? इथे रोजच रंग सांडतो," भोंगा म्हणाला.

मुंगीने मान हलवली. "हा आपला नाही. आपल्याकडे हा रंगच नाही."

कप्तान सावध झाली. तिने खोलीभर नजर फिरवली. "अरे! शिडी कुठाय? ती मोठी शिडी?"

शिडीही नव्हती! भोंग्याने दारामागेही बघून घेतलं.

"बांबू टाकला, कापड नेलं," कप्तान बोटांवर मोजत म्हणाली. "शिडी नेली. जाताना परका रंग सांडला. शिडी, कापड आणि रंग एकाच वेळी कुणाला लागतात?"

"रंगाऱ्याला!" भोंगा असा ओरडला, की छपरावरची कबुतरं उडाली.

चौघं धावत पुढच्या दालनात गेले. तिथे इमारतीची देखभाल करणारे काका कानाला मोबाइल लावून बसले होते. काका मनाने सोन्यासारखे. पण कुणीही काहीही विचारलं, की ते न ऐकताच 'हो हो' म्हणायचे. म्हणून त्यांचं नाव हो-हो काका.

"काका, काल इथे कुणी रंगारी आला होता?"

"हो हो."

"की आज सकाळी आला होता?"

"हो हो."

"की कुणीच आलं नव्हतं?"

"हो हो."

भोंग्याला राहवेना. "काका, तुमच्या डोक्यावर माकड बसलंय!"

"हो हो, बसू दे," काका म्हणाले आणि पुन्हा फोनवर बोलायला लागले.

"इथे डोकं आपटून उपयोग नाही," कप्तान म्हणाली. "मुंगी, तो थेंब घे!"

मुंगीने नखाने थेंब अलगद सोडवला आणि कागदावर चिकटवला. मग चौघांची पलटण निघाली ती थेट रंगांच्या दुकानाकडे. दुकान होतं एका आजींचं. आजींच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत कसले ना कसले रंग कायमचे असायचे.

"आजी, हा रंग कुणी नेला, सांगता येईल?"

आजींनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "हा? अगं बाई, या पिस्त्याने मला पिडलंय! हा डब्यात मिळत नाही. मलाच कालवून द्यावा लागला. ठेकेदार पुन्हा पुन्हा परत यायचा. कधी म्हणे जास्त हिरवा झाला, कधी म्हणे आजारी दिसतो! शेवटी एकदाचा पसंत पडला. चौकात ते चपलांचं नवं दुकान होतंय ना? त्याला लावतोय."

"आजी, तुमचे उपकार आम्ही या जन्मी..." पल्लेदारने सुरुवात केली.

"उपकार नंतर, आधी पळा!" कप्तानने त्याची कॉलर धरून त्याला ओढलं.

चौकातलं नवं दुकान बंद होतं. काचांना आतून जुने पेपर चिकटवले होते. दाराशी एक स्कूटर उभी होती. भोंगा खाली वाकला. दोन पेपरांच्या मधली बोटभर फट त्याने शोधून काढली आणि डोळा लावला.

"काय दिसतंय?"

"एक बादली... एक पाय... दुसरा पाय... पिस्ता भिंत... आणि... अरे! माझी लाट! त्याचा पाय माझ्या लाटेवर आहे!"

खरंच होतं! आत फरशीभर समुद्र अंथरला होता. त्यावर रंगाचे डबे होते, ब्रश होते आणि बर्फखान्याची शिडीही उभी होती. तिच्या तुटक्या पायरीला बांधलेली पिवळी दोरी लांबूनही ओळखू आली.

भोंग्याने दार बडवलं. दार उघडून एक आडदांड गृहस्थ बाहेर आले. टोपीवर पिस्ता, मिशीवर पिस्ता. तेच ठेकेदार!

"काय रे, काय पाहिजे?"

"काका, आतला समुद्र आमचा आहे," कप्तान अदबीने म्हणाली. "बर्फखान्यातला. उद्या आमचं नाटक आहे. आणि शिडीपण आमचीच आहे."

"समुद्र?" ठेकेदार हसले. "या गावात समुद्र कुठून आला? ती माझी जुनी चादर आहे. शिडी आजकाल सगळ्यांकडे असते. चला, निघा! मला कामं आहेत."

"पण काका, त्यावर आमच्या लाटा..."

"बाजारात असली छापील कापडं ढिगाने मिळतात! आणि हे बघा, मला उशीर होतोय. आता जेवून येतो आणि तिचे तुकडे पाडतो. चपलांच्या खणांत घालायला पाहिजेत."

तुकडे! मुंगी पुन्हा त्या फटीपाशी वाकली.

ठेकेदारांनी दाराला कुलूप ठोकलं, किल्ली खिशात टाकली आणि समोरच्या खानावळीत जाऊन बसले.

"कुलूप तोडू या!" भोंगा बाह्या सरसावत म्हणाला.

"मुळीच नाही! कुलूप तोडलं, तर चोर आपण ठरू," कप्तान म्हणाली. "दुकान ठेकेदारांचं नाही ना? मग ज्यांचं आहे त्यांना सांगू."

मालकीणबाई दुकानाच्या वरच्या मजल्यावरच राहायच्या. त्या सज्जात कुंड्यांना पाणी घालत होत्या. भोंग्याने छाती फुगवली आणि आरोळी ठोकली, "मावशीऽऽ! आमचा समुद्र तुमच्या दुकानात आहेऽऽ!"

मालकीणबाईंनी खाली बघून हात हलवला. "आज नको बाबा भाजी! कालच घेतलीये!"

न्हावीकाकांच्या दुकानात दाढी अर्धी राहिलेलं ते गिऱ्हाईक आता दाढी पूर्ण करून तिथूनच चाललं होतं. ते गृहस्थ म्हणाले, "अरे, त्यांना कमी ऐकू येतं. नुसतं ओरडून भागायचं नाही."

भोंग्याचं तोंड एवढंसं झालं. ताईसुद्धा त्याला नेहमी हेच सांगायची. मोठं बोलणं वेगळं आणि स्पष्ट बोलणं वेगळं!

कप्तानने एकवार खानावळीकडे पाहिलं. ठेकेदारांचा भात अजून यायचा होता. मग तिचे डोळे चमकले. "ऐका! माणसं बोलावली की येत नाहीत. पण नाटक लागलं की?"

"धावत येतात!" पल्लेदार म्हणाला. या वेळी त्याला दोनच शब्द पुरले.

फुटपाथवर कप्तान एका खोक्यावर चढली. पल्लेदारने डोळ्यांवर हाताची सावली धरली. भोंग्याने तोंडाने असा काही वारा सुरू केला, की रस्त्यातला कुत्रा शेपूट घालून बसला.

"खलाशांनो! आपली नाव कुठे आहे?"

"कप्तान, नाव आहे. पण समुद्रच नाही!"

"समुद्राशिवाय नाव म्हणजे पाण्याशिवाय आंघोळ! कुणी नेला आमचा समुद्र? लोकहो, तुम्ही पाहिलात?"

बघता बघता लोक जमले. रिकाम्या पिशव्या घेतलेले जमले, भरलेल्या पिशव्या घेतलेले जमले. न्हावीकाका खांद्यावर टॉवेल टाकून आले. रंगवाल्या आजी दुकान उघडं टाकून आल्या. वरून मालकीणबाई कठड्यावर वाकल्या. भात अर्धवट सोडून ठेकेदारही बघायला आले, गर्दीतून वाट काढत थेट पुढे.

कप्तान याचीच वाट बघत होती! ती खोक्यावरून उतरली आणि झुकून सलाम करत म्हणाली, "हे बघा, एक थोर प्रवासी आले! महाराज, या दुकानात म्हणे एक समुद्र आहे. तो कुणाचा?"

लोक हसले. ठेकेदारही रंगात आले. एवढे लोक आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "समुद्र कसला? माझी चादर आहे ती!"

"किती दिवसांपासून, महाराज?"

"दिवस? अगं, वर्षानुवर्षं वापरतोय! माझ्या हाताखालून गेलीय ती!"

"म्हणजे तुम्हाला ती पाठच असेल! मग सांगा बरं, तिच्या डाव्या कोपऱ्यात काय आहे?"

ठेकेदार गडबडले. "डाव्या... डाव्या कोपऱ्यात... कोपरा आहे."

हशा पिकला! कप्तान गर्दीकडे वळली. "लोकहो, आम्हाला मात्र न बघता सांगता येतं. आम्ही दाराकडे पाठ करून उभे राहतो. मावशी आत जाऊन बघतील. एक जरी गोष्ट चुकली, तर चादर यांची!"

लोकांनी खाणाखुणा करून मालकीणबाईंना खाली बोलावलं. त्या दुसरी किल्ली घेऊन आल्या. काय चाललंय ते त्यांना न्हावीकाकांनी कानाशी तोंड नेऊन समजावलं. त्यांनी दार उघडलं, सताड. आतला निळा उजेड बाहेर आल्यासारखा वाटला.

"सांगा," मालकीणबाई दारातून म्हणाल्या. "पण मोठ्याने. मला ऐकू आलं पाहिजे."

भोंगा पुढे झाला आणि थांबला. त्याला फक्त त्याची स्वतःची लाट ठाऊक होती. पल्लेदारला त्याची. कप्तानला तिची. सगळा समुद्र एकाच माणसाला पाठ होता.

तिघांनी मुंगीकडे पाहिलं.

मुंगी एक पाऊल पुढे आली. तिने तोंड उघडलं. काहीतरी बाहेर आलं, पण ते पहिल्या रांगेलाही ऐकू आलं नाही. ठेकेदार म्हणाले, "बघा! येतच नाही तिला काही!"

मुंगीने डोळे मिटले. समुद्र रंगवताना ताई शेजारी बसून बोलायची. बोलता बोलताच शिकवायची. 'आवाज घशातून ओढू नकोस गं, सोलवटतो. पोटातून सोड. आणि जवळच्या माणसाशी बोलूच नकोस. सगळ्यात लांब जो बसलाय ना, त्याला सांग.'

मुंगीने डोळे उघडले. सगळ्यात लांब, रस्त्याच्या पलीकडे, एक बाई बाळाला कडेवर घेऊन उभी होती. मुंगीने तिला सांगायचं ठरवलं.

"डाव्या कोपऱ्यात," ती म्हणाली, "खेकडा आहे. त्याला एक नांगी कमी आहे. कारण रंग संपला होता."

रस्त्यापलीकडचं बाळ तिच्याकडे बघायला लागलं. आणि दुकानातून आवाज आला, "आहे! एक नांगी कमी आहे!"

"त्याच्या शेजारची लाट हिरवी आहे. तिच्यावर बोटांचे ठसे आहेत. ते सगळ्यात छोट्या मुलांचे आहेत."

"आहेत!"

"तिच्या वरच्या बाजूला भोंग्याची लाट. ती सगळ्यांत उंच आहे. त्याला थांबता आलं नाही."

"अगदी खरं!" मालकीणबाई म्हणाल्या. लोक हसले. मुंगी मात्र हसली नाही. ती बोलतच राहिली. दुसरी लाट, तिसरी लाट, बुडालेली घागर, उलटं पोहणारं कासव. तिचा आवाज बारीकच होता. पण आता तो सुईसारखा सरळ जात होता, रस्त्याच्या पलीकडे, बाळापर्यंत. भोंगा तोंड उघडं टाकून ऐकत होता. गप्प बसून! हे त्याच्या आईने पाहिलं असतं, तर तिला खरं वाटलं नसतं.

"आणि मधोमध मोठ्या लाटेवर एक मासा आहे. त्याला चष्मा आहे. तो ताईने काढलाय. ताईला चित्र काढता येत नाही, म्हणून तो बटाट्यासारखा दिसतो."

दुकानात पावलं इकडून तिकडे वाजली. मग मालकीणबाई म्हणाल्या, "मासा नाहीये गं इथे. इथे तर भोक आहे. हे एवढं मोठं, चौकोनी."

"बघा!" ठेकेदारांनी टाळीच वाजवली. "चुकली! एक गोष्ट चुकली, तर चादर माझी. तुम्हीच म्हणालात!"

कप्तानचा चेहरा पांढरा पडला. मुंगीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती मागे सरली नाही. "मासा होता," ती म्हणाली. "मीच त्याच्या चष्म्याला दांडी काढली. भोक चौकोनी आहे ना? मग ते कात्रीने कापलंय. म्हणजे मासा कुठेतरी आहे."

लोक इकडेतिकडे बघायला लागले. आणि एकदम भोंग्याचा भोंगा वाजला.

"काका! आमचा मासा तुमच्या स्कूटरवर बसलाय!"

सगळ्या माना वळल्या. स्कूटरच्या फाटक्या सीटवर एक निळा चौकोन घट्ट चिकटवलेला होता. आणि त्यातून एक चष्मेवाला बटाटा मोठ्या गंभीरपणे गर्दीकडे बघत होता!

काय हशा उसळला म्हणता! न्हावीकाका पोट धरून फुटपाथवर बसले. ठेकेदारांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा, मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मी चोर नाही हो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी काल रात्री येऊन विचारलं होतं. म्हटलं, मागच्या खोलीत जुन्या चादरी आणि शिडी दिसतेय, नेऊ का? तर तुमचे ते काका म्हणाले, हो हो."

चौघांनी एकदम कपाळावर हात मारला.

"मग तुम्ही 'माझी, माझी' का म्हणालात?" कप्तानने विचारलं.

ठेकेदार टोपी चुरगळत राहिले. "घाईत होतो. वाटलं, पोरं आहेत, हाकलली की जातील. एकदा माझी म्हटल्यावर मग मागे कसं येणार? चुकलो. पण खरं सांगतो, ही एवढी तुमच्या जिवाची वस्तू आहे, हे नीट बघितलंच नाही मी. नुसतं पायाखाली घातलं."

मालकीणबाईंना यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. पण त्यांनी फर्मान सोडलं, "आधी डबे उचला त्या समुद्रावरून!"

समुद्र बाहेर आणायला एवढे हात लागले, की भोंग्याला कोपरा धरायलाही जागा उरली नाही. उचलताना कापड उलटलं आणि मागची बाजू दिसली.

"अरेच्चा! ही आमच्या घरची चादर!" न्हावीकाका ओरडले. "हा बघा चहाचा डाग. माझाच!"

"आणि ही माझ्या लेकीची," रंगवाल्या आजी एका फुलाफुलांच्या तुकड्यावरून हात फिरवत म्हणाल्या. "लहानपणी हिच्याशिवाय झोपायची नाही. बघा, कुठल्या कुठे पोचली!"

मग काय विचारता! खांद्यावर समुद्र घेतलेली ती मिरवणूक रस्त्याने बर्फखान्याकडे निघाली. सगळ्यात मागे, डोक्यावर शिडी घेतलेले ठेकेदार होते. बर्फखान्याच्या दाराशी दिव्यांचा टेंपो नुकताच येऊन थांबला होता. ताई खाली उतरली आणि समोरून चालत येणारा समुद्र बघून तिथेच उभी राहिली.

चौघांनी एकदम बोलायला सुरुवात केली. ताईने सगळं ऐकून घेतलं. हो-हो काकाही बाहेर आले. या वेळी मोबाइल खिशात होता. सगळा प्रकार कळल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"माझ्यामुळेच झालं हे," ते म्हणाले. "पोरांनो, मला माफ करा. यापुढे कुणी काही विचारलं, की आधी म्हणेन, थांबा, बघून सांगतो."

"नक्की, काका?" भोंग्याने विचारलं.

"हो ह..." काकांनी जीभ चावली. "थांबा. बघून सांगतो!"

हसणं ओसरल्यावर ताईने समुद्र रंगमंचावर टांगायला लावला. पिस्त्याचे थोडे शिंतोडे उडाले होते, ते मुंगीने झाकले. पण भोकाचं काय? मासा सीटवरून सोडवताना फाटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. ठेकेदारांनी तर नवी चादर आणून ठिगळ लावायची तयारी दाखवली.

ताई समुद्राच्या मागे गेली आणि भोकातून डोकावली. मग म्हणाली, "ठिगळ नको. इतकी चांगली खिडकी बुजवायची कशाला? मुंगी, उद्या इथे तू. वारा कुठे गेला, हे समुद्राने कप्तानला सांगायचं. बाकी समुद्राच्या पोटात काय काय आहे, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

"मी?" मुंगी म्हणाली. "पण ताई, उद्याच?"

"आज भर चौकात कुणी सांगितलं? तीच ना तू?"

दुसऱ्या दिवशी बर्फखाना खचाखच भरला. शिडीवर चढून दिवे बांधायला ठेकेदार सकाळपासून हजर होते, मिशी स्वच्छ धुऊन! मालकीणबाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. मुंगीची आई दवाखान्यात नर्स होती. ती कामाची पाळी संपवून तशीच, गणवेशातच धावत आली आणि मागे दाराशी उभी राहिली.

वारा हरवला. नाव अडली. कप्तानने हाक मारली, "समुद्रा, तूच सांग आता!" आणि लाटांच्या मधोमध एक छोटासा निळा चेहरा उजळला.

मुंगी बोलायला लागली. दाराशी उभ्या असलेल्या आईने एक हात तोंडावर नेला. तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

प्रयोग संपल्यावर टाळ्या थांबेचनात. मालकीणबाईंनी मुंगीचे दोन्ही हात धरले. "पोरी, कितीतरी दिवसांनी मला एक आख्खं नाटक ऐकू आलं बघ!" ठेकेदार भोंग्याला म्हणाले, "तुझ्यासारखे डोळे असते, तर मी पायाखाली बघून चाललो असतो." न्हावीकाकांनी चौघांना उभं करून सगळ्यांना सांगितलं, "ही आमची पोरं! कुलूप न तोडता दार उघडलं यांनी!" कप्तान एवढी लाजली, की तिला सलाम करायचंही सुचलं नाही. पल्लेदारने मात्र आभाराचं भाषण सुरू केलं आणि ते बरंच लांबलं.

लोक पांगायला लागले. ताई रंगमंचाच्या कडेला बसून वायरींची वेटोळी करत होती. प्रयोग कितीही रंगला, तरी नंतरची आवराआवर तीच करायची. मुंगी तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. चेहऱ्यावर अजून निळा रंग होता.

"ताई, थँक्यू," ती पुटपुटली.

ताईने वर न बघता विचारलं, "काय गं? ऐकू नाही आलं."

मुंगीने पोटात श्वास भरून घेतला.

"ताई, थँक्यू!"

फाटकापाशी पोचलेली माणसं थांबून मागे वळली. न्हावीकाका वळले, आजी वळल्या, हो-हो काका वळले. आणि मग, कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही, पण फाटकापासचे सगळेच ताईकडे बघून पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. वायरीचं वेटोळं ताईच्या हातातून सुटून सगळं उलगडलं.

"ए, बघता काय नुसते!" ती डोळे पुसत ओरडली. "या इकडे, धरा एकेक टोक!"

चौघंही धावले.